जिंतूर येईपर्यंत एका पायावर

त्यांचा फोन येतो तो व्हिडिओचाच. उचलला की आधी पांढरी मिशी दिसते, मग अर्धा चष्मा, आणि राम राम व्हायच्या आत आवाज येतो, "बाई, फोन खाली धरा. पाय दिसू द्या."

मी फोन खाली धरते. पन्नाशीला टेकलेली, शाळेत मराठी शिकवणारी, गॅदरिंगला माइक हातातून न सोडणारी बाई मी, दिवाणखान्यात उभी राहून स्वतःच्या पायांचं चित्रीकरण करते.

"फिरा आता. टाचा बघू."

मी फिरते.

"भेगा पडल्यात. तेल लावत न्हाईत तुमी."

"लावते, सर."

"खोटं बोलायलात. फोन गौरीकडं द्या."

गौरी माझी लेक. आता ती शेतकी शिकते, कॉलेजच्या संघातून टेनिस खेळते. फोन घेतला की न सांगता आधी उजवा घोटा दाखवते, मग डावा, आणि मग दोघं हवापाण्याचं बोलतात. तीन वर्षांपूर्वी सर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. तिथं त्यांचं कसं चाललंय असं विचारलं तर म्हणतात, "सोसायटी चांगली हाय. पण वॉचमनचा तळवा सपाट हाय. त्याच्यावर काम चालू हाय."

त्यांचं नाव सांगत नाही. तसंही परभणीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. रिक्षावाल्याला 'घोटेवाले सर' म्हटलं की तो बरोबर आमच्या वसाहतीमागच्या मैदानाशी आणून सोडायचा. तिथं सिमेंटचं एक टेनिस कोर्ट होतं. मधोमध भेग, एका बाजूला गाजरगवत. तिथं सर निवृत्तीनंतर पोरांना शिकवायचे. स्वतः ते टेनिस कसे शिकले, तर म्हणे कुणी मोठे साहेब बदलून आले होते आणि त्यांना समोर उभा करायला माणूस पाहिजे होता. सर ड्रिलमास्तर, म्हणून सरांना बोलावलं. साहेब दोन वर्षांत बदलून गेले, सरांचं टेनिस राहिलं.

आमची पहिली भेट उन्हाळी शिबिराच्या दिवशी झाली. गौरी नऊ वर्षांची. कोर्टाच्या कडेला पाण्याची बादली होती. नवीन पोरानं तीत पाय बुडवायचे आणि सिमेंटवर दहा पावलं चालायचं, असा नियम. सर उकिडवे बसून ते ओले ठसे वाचायचे, आणि ठसे वाळायच्या आत वाचायचे म्हणून लगबग. गौरीचे ठसे बघून म्हणाले, "पाय चांगला हाय. कमान हाय." मग त्यांची नजर शेजारी गेली. मी पोरीची पिशवी घ्यायला गेले आणि बादलीच्या सांडलेल्या पाण्यातून चालत आले होते.

"हे बदक कुणी आणलं?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. माझा तळवा सपाट आहे हे मला वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी, तीस पोरांसमोर कळलं. लहानपणी पळण्याच्या शर्यतीत मी शेवटची का यायचे, याचं शास्त्रीय कारण मिळालं म्हणून मला उलट बरंच वाटलं. तोवर मी ते आळसावर ढकलत होते.

सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. बोलताना नजर खाली. नवख्या माणसाला वाटायचं, हे फार लाजाळू गृहस्थ आहेत. लाज वगैरे काही नव्हती, ते चप्पल बघत असायचे. टाच कोणत्या बाजूनं झिजलीय, अंगठा कुठं दाबतोय, यावरून ते माणसाचा इतिहास काढायचे. त्यांच्याकडे नुसती टेनिसची पोरं येत नसत. खो-खोवाल्यांचे काळे पडलेले अंगठे यायचे, फास्ट बॉलरांच्या ठणकणाऱ्या टाचा यायच्या, पोलिस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळून नडगी धरून बसलेली पोरं तर रोजच. सर त्यातल्या निम्म्यांना सरळ डॉक्टरकडे पाठवायचे आणि उरलेल्यांना त्यांचे बूट दाखवून ओरडायचे. बूट संध्याकाळीच घ्यायचे, कारण दिवसभरात पाय फुगतो, असा त्यांचा हुकूम. बुटाच्या दुकानात ते पोराला दहा उड्या मारायला लावायचे. दुकानदार काचेची कपाटं धरून उभा राहायचा.

"लोकाला वाटतं टेनिस हातानं खेळत्यात," ते म्हणायचे. "टेनिस म्हंजे आडवं पळायचा खेळ. सरळ पळणाऱ्याचे गुडघे जात्यात, आडवं पळणाऱ्याचे घोटे."

एकदा ताडकळसला आमच्या नात्यात लग्न होतं. सरांनाही आवतण होतं. सगळे मांडवात, आणि सर मांडवाबाहेर चपलांच्या ढिगापुढे बसून एकेक चप्पल उलटी करून बघत होते. नवरीच्या मामानं ते पाहिलं. मामा दणकट, फेटा बांधलेला.

"काय पाव्हणं, कोणता नंबर बसायलाय?" मामानं विचारलं.

सरांनी मान वर केली नाही. "ही जोडी कुणाची?"

"माझीच हाय. का, घेऊन जायची का?"

"डावा घोटा कधी मुरगळला हुता?"

मामानं स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "दहावीला. कबड्डीत."

"इलाज काय केला?"

"इलाज कशाला? आपोआप बरा झाला की."

"बरा न्हाई झाला. तवापासून तुमी त्याला चुकवून चालायलात. पाऊस पडला, ओलं झालं, की डावीकडंच घसरता का न्हाई?"

मामानं कमरेवरचे हात खाली घेतले. पुढचं कळलं ते लग्नाच्या व्हिडिओत. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट धरलाय, आणि नवरीच्या मागे मामा एका पायावर उभा आहे, तोंडावर कमालीची एकाग्रता. नातेवाइकांत आजही समज आहे की त्यानं काहीतरी नवस केला होता.

एका पायावर उभं राहणं हा सरांचा सगळ्या रोगांवरचा उपाय. तोही डोळे मिटून. आणि ते आकडे मोजत नसत. त्यांची नोकरी जिंतूरला, बिऱ्हाड परभणीत. सगळी उमेद रोजच्या एसटीत उभ्यानं गेलेली. ती बस ते कोर्टावर चालवायचे. पोरं रांगेत एका पायावर, डोळे बंद, आणि सर येरझाऱ्या घालत, "परभणी सुटली. गाडीला गर्दी हाय. झरी आली. एक म्हातारी उतरायलीय. सबर करा, तिचं गठुडं अडकलंय. बोरी आली. दोन जण चढले, एकाजवळ कोंबडी हाय." पाय टेकला की तो प्रवासी तिथंच उतरला. जिंतूरपर्यंत जो उभा, त्याचा घोटा पक्का. कुणाला जरा जास्त ताणायचं असलं की सर बोरीला टायर पंक्चर करायचे.

"सर, म्हातारीला लवकर उतरवा ना," रांगेतून कुणीतरी कण्हायचं.

"तिला घाई करता येत न्हाई. तिचे गुडघे गेलेत."

हे वेड त्यांना कुठून लागलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर. मला सांगितलं, तरुणपणी लांब उडीत स्वतःचा घोटा गेला. माझ्या नवऱ्याला सांगितलं, भावाच्या वरातीत नाचताना गेला. सासूबाईंना सांगितलं की देवळाच्या पायरीवर घसरले, आणि सासूबाई तेव्हापासून त्यांना आपला माणूस मानायला लागल्या.

गौरी तेरा वर्षांची असतानाची गोष्ट सांगायचीय मला. ती सांगताना माझी थोडी इज्जत जाते, पण सांगते.

विभागाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. तिथून राज्याच्या स्पर्धेला जाता येत होतं. चौदा वर्षांखालच्या गटातलं गौरीचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला तिच्याहून हातभर उंच मुलींत खेळावं लागणार होतं. म्हणजे जायचं तर आत्ताच. पोरगी झोपेतसुद्धा सर्व्हिस करत होती. अशात एका संध्याकाळी मागे पळताना तिच्या पायाखाली मोकळा चेंडू आला आणि उजवा पाय आत मुडपला.

सर त्या दिवशी सोनपेठला कुणाच्या तरी बारशाला गेले होते. म्हणून उपचाराची सूत्रं मी हातात घेतली. सासूबाईंनी हळद-चुन्याचा लेप कढत करून थापला. मी त्यावर गरम पाण्याची पिशवी दिली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून गल्लीतल्या मालीशवाल्या मामांना बोलावलं, त्यांनी पाव तास घोटा असा काही रगडला की गौरीनं उशी दातात धरली. सकाळी पाय पावासारखा फुगला होता.

सर एसटी स्टँडवरून थेट घरी आले. पाय बघितला. सुजेवर बोट टेकवलं. मग हळू आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सासूबाईंकडे दाखवलं. दोन्ही बोटं एकाच वेळी उठली.

"ताज्या मुरगळीवर शेक?" सर म्हणाले. "आतून आधीच रक्त उतरायलंय. त्याला तुमी वाट मोकळी करून दिली."

"आमच्या तीन पिढ्या ह्याच लेपावर बऱ्या झाल्या," सासूबाई म्हणाल्या. नुकतीच त्यांची शिवपूजा आटोपली होती, कपाळावर भस्म होतं, त्या मागे हटणार नव्हत्या.

"आजी, तुमच्या तीन पिढ्यांत टेनिस कोण खेळलं?"

सर बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून टॉवेलात बर्फ बांधून आणला. पाय दोन उशांवर चढवला. दुपारी हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटोत हाड शाबूत होतं. बाहेरच्या बाजूचे बंध ताणले गेले होते. सूज उतरेपर्यंत आराम, मग व्यायाम, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचणीला जाता येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बघू." सर मात्र त्याच दिवशी स्पष्ट बोलले.

"गौराबाई, नीट ऐक. निघायच्या दोन दिवस आधी मी परीक्षा घेणार. रेघेवरून उड्या, आणि डोळे मिटून उजव्या पायावर जिंतूर. पोचली तर जायचं. न्हाई पोचली तर न्हाई. मंजूर?"

"मंजूर," गौरी म्हणाली.

सूज उतरली तसे व्यायाम सुरू झाले. पहिला म्हणजे पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायची, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. पोरगी इंग्रजी शाळेतली. मराठीच्या बाईची मुलगी असून तिचा ळ धड येत नव्हता, तो पायानं तर काय येणार. मी खुर्ची घेऊन समोर बसायचे आणि तिच्या पायाचं अक्षर तपासायचे. "वेलांटी कुठाय? पुन्हा काढ." क्ष काढताना कळ यायची, म्हणून सरांनी क्ष आणि ज्ञ पुढच्या आठवड्यावर ढकलले. मग कापसाच्या उशीवर उभं राहणं. उशी माझ्या माहेरची, जिंतूरच्या कापसाची, गच्च भरलेली; तीवर उभं राहिलं की पाय सगळ्या बाजूंनी डुलायचा.

रोज सुधारणा होती, पण सावकाश. परीक्षेच्या आदल्या दिवशी गौरी कशीबशी झरीच्या पुढे गेली आणि म्हातारी उतरता उतरता पाय टेकला. उड्या मारताना तोंड वाकडं होत होतं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाट उघडलं. माझ्या दाढदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी उरली होती. एक गोळी आणि एक केळं तिच्यापुढे ठेवलं.

"व्हिटॅमिन आहे," मी म्हणाले.

गौरीनं पट्टी उलटी करून बघितली. "आई, ही तुझ्या दाढेची आहे."

तिनं केळं सोललं आणि गोळी गिळली. वर्गात कॉपी पकडल्यावर मी पोरांना काय काय बोलते, ते सगळं मला त्या वेळी आठवत होतं, आणि तरीही मी तिला पाण्याचा पेला दिला.

पाच वाजता कोर्टावर गेलो. आधी उड्या. रेघेवरून आडव्या, उजव्या पायावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा. गौरी चिमणीसारखी गेली. कपाळावर आठी नाही, काही नाही. मी मनातल्या मनात बॅगही भरली. सर खाली बघत होते.

"आता उभी ऱ्हा. डोळे मीट. परभणी सुटली."

परभणी सुटली आणि गौरी डुलायला लागली. दोन्ही हात पसरले, कमरेतून वाकली, आणि झरी यायच्या आत पाय टेकला.

"परत."

पुन्हा टेकला. तिसऱ्यांदाही.

"सर, दुखत नाहीये," गौरी म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. "खरंच सांगते, अजिबात दुखत नाहीये."

"ते दिसायलंय मला. काल दुखत हुतं. एका दिवसात कुठं गेलं?"

मग सरांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

"बाई, गोळी किती वाजता दिली?"

"साडेतीनला," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उलट बोलून मोकळी झाले असते. ते गौरीपुढे उकिडवे बसले आणि तिच्या घोट्यावर बोट ठेवून म्हणाले, "दुखणं गप बसवता येतं. पण पाय जमिनीवर कसा पडायलाय, हे ह्या घोट्याला अजून कळंना झालंय. ते पुन्यांदा शिकवावं लागतं. त्याच्यावर गोळी न्हाई निघाली. अशी खेळलीस तर हा पुन्हा मुडपल, आणि मग दर सालाला मुडपत ऱ्हाईल."

तिथंच उभं राहून त्यांनी फोन लावला आणि चाचणीतून तिचं नाव मागे घेतलं. गौरी रडली नाही. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि अनवाणी घरी गेली. मी मागून, माझ्या बदकपायांनी.

आठ दिवस ती सरांशी बोलली नाही. माझ्याशी तर नाहीच नाही, आणि ते बरोबरच होतं. ज्या रविवारी चाचणी होती त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं आणि सासूबाईंनी दाराबाहेर तिच्या आवडीची शेंगदाण्याची पोळी नेऊन ठेवली, ती थंड झाली.

सर रोज संध्याकाळी आमच्या फाटकाशी यायचे. आत येत नसत. हाकही मारत नसत. फाटकाबाहेर उभं राहून मोठ्या आवाजात बस सोडायचे. "परभणी सुटली." गल्लीतली चिल्लीपिल्ली जमून एका पायावर उभी राहायची. समोरचे पेन्शनवाले काका पेपर खाली ठेवून उभे राहायचे. जिंतूर आलं की सर निघून जायचे.

नवव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. बाहेर बस सुटली. सहज दिवाणखान्यात डोकावले, तर गौरी उजव्या पायावर उभी. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. झरी आली, म्हातारी उतरली. बोरी आली. मी हातात मेथीची जुडी घेऊन तशीच उभी राहिले, श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. बोरीच्या पुढे तिनं पाय टेकला, डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "भाजीत मीठ कमी टाक. काल खारट झाली होती."

आमची बोलणी पुन्हा सुरू झाली ती अशी.

पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात उतरली. सर आणि मी सोबत गेलो होतो. समोरची मुलगी इतकी उंच की सर्व्हिस करताना तिचा हात झाडात गेल्यासारखा वाटे. पहिला सेट सहा-एक गेला. सर आणि मी तारेच्या जाळीला धरून शेजारी शेजारी उभे. दुसऱ्या सेटमध्ये त्या मुलीनं चेंडू अगदी उजव्या कोपऱ्यात टाकला, गौरी ताणून पळाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा उजवा घोटा आत मुडपायला लागला.

तो मुडपला नाही. अर्ध्यात थांबला, सावरला, तिनं त्याच पायावर जोर देऊन अंग उचललं आणि परतीचा चेंडू घ्यायला मधे धावली. चेंडू नेटमध्ये मारला तिनं. सगळं इतकं भरभर झालं की तिला स्वतःला कळलंसुद्धा नसेल. ती रॅकेटच्या तारा सारख्या करत पुढच्या सर्व्हिसची वाट बघत उभी राहिली.

दुसरा सेट सहा-दोन. हरली. हसत बाहेर आली आणि विचारलं, "त्या दोन गेम बघितल्या का, सर?"

"बघितल्या की," सर म्हणाले आणि पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. त्यांच्या तळहातावर तारेच्या जाळीचे लाल चौकोन उमटलेले होते, चारही बोटांखाली, खोल. माझं लक्ष तिकडे आहे असं बघून त्यांनी बाटली दुसऱ्या हातात घेतली. त्या हातावरही होते.

मी माझे दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"चला आता," सर म्हणाले. "पाचची गाडी गेली तर बसायला जागा मिळायची न्हाई."